पाचवीच्या आधीच्या तीन रात्री

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
आरोग्य विभाग, नागपूर महानगरपालिका; आरोग्य विभाग, नागपूर जिल्हा परिषद;
शहरातल्या आणि तालुक्यांतल्या सगळ्या प्रसूतिगृहांचे चालक, डॉक्टर आणि माझ्या परिचारिका भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पत्ता एवढा लांबला त्याला कारण आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं एका खात्याकडे, डागा स्त्री रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे, सूतिकागृहं महापालिकेकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, मिहानमधलं एम्स केंद्राकडे आणि नर्सिंग होम ज्याचं त्याच्याकडे. मी ज्या बाळांबद्दल लिहिते आहे ती या सगळ्याच दारांतून जगात येतात, आणि त्यांच्यासाठी करायचं काम सगळीकडे सारखंच आहे. म्हणून सगळ्यांना मिळून हे एकच पत्र.

मी २३ वर्षं नागपुरात परिचारिका होते. १६ वर्षं नवजात कक्षात, बाकीची बाळंतिणींच्या वॉर्डात. आता निवृत्त आहे आणि आठवड्यातले तीन दिवस विकासात मागे राहिलेल्या मुलांच्या एका केंद्रात मदतीला जाते. त्यामुळे असं झालं आहे की ज्या गोष्टीची सुरुवात मी वॉर्डात पाहत होते, तिचा शेवट आता केंद्रातल्या सतरंजीवर पाहते आहे. गोष्ट बारीक बाळांच्या रक्तातल्या साखरेची आहे.

आपल्याकडे पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं म्हणतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, घरातलं कुणी ना कुणी रात्रभर जागं राहतं. त्या जागरणामागची माया मी जवळून पाहिली आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण पोटात वाढ खुंटलेल्या बाळाच्या बाबतीत लिहिण्यासारखं बरंचसं पाचवीच्या आधीच लिहून झालेलं असतं. पहिल्या तीन दिवसांत, तीन रात्रींत. माझं म्हणणं इतकंच आहे की या तीन रात्री आपण जागं राहिलं पाहिजे, आणि ते जागरण घरच्यांवर न सोडता दवाखान्याने करायला पाहिजे.

एका बाळाचं सांगते.

मे महिना होता. उमरेडकडची विशीतली पोरगी, पहिलं बाळंतपण, शेवटच्या महिन्यात बीपी वाढलेलं, पायांवर सूज. ३८ आठवडे भरले होते. मुलगी झाली, १९२० ग्रॅमची. लगेच रडली, रंग छान, डोळे टक्क उघडे. अशी बाळं पहिल्या तासात फार जागी दिसतात, त्यामुळे माणूस फसतो. ‘चुणचुणीत आहे’ असं आम्हीच म्हणालो. वजन १८०० ग्रॅमच्या वर, म्हणून नवजात कक्षात न नेता आईजवळ दिली. नियमाला धरूनच होतं ते.

बाहेर पारा ४५ अंशांवर, त्यामुळे वॉर्डातला कूलर दिवसरात्र चालू. त्या खाटेवर त्याचा झोत थेट येत होता. बाळाला एकच पातळ फडकं. आईला दूध उतरलं नाही असं आजीला वाटत होतं. जे थेंब-दोन थेंब चीक येत होतं ते तिच्या हिशेबी दूधच नव्हतं, म्हणून तिने बोटाने मध चाटवला होता. दुसऱ्या रात्री साडेआठच्या फेरीत मी त्या खाटेशी थांबले. बाळ गाढ झोपलेलं. पाजून किती वेळ झाला, विचारलं. आजी कौतुकाने म्हणाली, ‘दुपारपासून झोपलीच हाय, सिस्टर. लय गुणाची हाय लेक. आता कायले उठवता?’

मी उठवलं नाही. वॉर्डात ४० बाळंतिणी होत्या आणि मी पुढच्या खाटेकडे गेले.

पहाटे तीनला आईने हाक मारली. बाळाचे ओठ काही चघळल्यासारखे हलत होते, एक पाय सायकल मारल्यासारखा फिरत होता, डोळे एका बाजूला खिळलेले. टाच हाताला गार लागली. टोचून थेंब स्ट्रिपवर घेतला तर यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसतं ‘लो’ आलं. पुढचं सगळं धावपळीत झालं: शीर, दहा टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन, वॉर्मर. बाळ वाचलं. नऊ दिवसांनी घरी गेलं तेव्हा सगळ्यांनी आनंदाने निरोप दिला. आपण वेळेत पोचलो असं मलाही वाटलं होतं.

गेल्या वर्षी केंद्रात एक बाई सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. मुलीला मांडीवर बसवून तिने हात हलवला, तशी मुलगी बांगड्यांच्या आवाजाकडे वळली. आईच्या चेहऱ्याकडे नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले असल्याचं सांगितलं होतं, आणि ते खरंच चांगले होते. सहाव्या महिन्यापासून झटके, तेव्हापासून गोळ्या. बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं डिस्चार्ज कार्ड काढून दाखवलं. वजन होतं, रक्तगट होता, लशी होत्या. साखर त्यात कुठेच नव्हती.

हे कुठल्या दवाखान्यात झालं ते मी लिहीत नाही, कारण एका दवाखान्याकडे बोट दाखवून हे पत्र तिथेच संपेल. असं बाळ मी एकदाच पाहिलेलं नाही.

आता हे का होतं, ते माझ्या शब्दांत सांगते. डॉक्टरांना हे माहीत आहे, पण हे पत्र खरेदीची फाइल पाहणाऱ्या बाबूंनीही वाचावं आणि एखाद्या बाळाच्या बापानेही.

पोटात असताना बाळाला साखर वारेतून अखंड मिळत असते. नाळ कापली की तो पुरवठा त्या क्षणी बंद. तिथून आईचं दूध पुरेसं सुरू होईपर्यंत बाळाला स्वतःच्या शिदोरीवर काढायचं असतं. ही शिदोरी म्हणजे यकृतात साठवलेली साखर, अंगावरची चरबी आणि थोडं मांस. ती बांधली जाते शेवटच्या तीन महिन्यांत. ज्या बाळाला वारच नीट पुरवठा करत नव्हती, आईचं बीपी वाढलं म्हणून, रक्त कमी म्हणून, सिकलसेल आहे म्हणून, आई स्वतःच अजून वाढत्या वयाची होती म्हणून, त्याची शिदोरी रिकामी असते. आपल्या विदर्भात यातलं काहीच दुर्मीळ नाही. सिकलसेल तर घरोघरी विचारावा असा आजार आहे. आणि खर्रा. बायका खर्रा खातात हे आपण तोंडावर बोलत नाही, पण तंबाखूने पोटातल्या बाळाचं वजन घटतं हे उघड सत्य आहे, आणि गरोदरपणाच्या तपासणीत ते विचारलंच पाहिजे.

तर पुरवठा तुटपुंजा असतो तेव्हा बाळाचं शरीर पोटातच एक निवड करतं: आहे ते रक्त आधी मेंदूला. हातापायांची, पोटाची, यकृताची वाढ मागे पडते, डोकं त्या मानाने मोठं राहतं. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असतो. नवजात बाळाचा १० टक्क्यांहून जास्त, आणि वाढ खुंटलेल्या बाळात हे प्रमाण आणखी वर जातं. म्हणजे खाणारं तोंड मोठं आणि कोठार लहान. बाळाला दर किलोमागे मिनिटाला ४ ते ६ मिलिग्रॅम साखर लागते, मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. जन्मल्यावर दोन तासांत साखर थोडी खाली येणं सगळ्याच बाळांत होतं आणि ती आपोआप वर येते. या बाळांमध्ये ती वर यायला आधार नसतो.

मेंदूला साखरेशिवाय दुसरंही इंधन चालतं. चरबी जाळून तयार होणारे कीटोन असतात. भरल्या अंगाचं बाळ साखर कमी असतानाही त्यावर तग धरतं. आपल्या बाळाकडे चरबीच नाही. त्यात यातल्या काही बाळांमध्ये पोटात सोसलेल्या ताणामुळे इन्सुलिन जन्मानंतरही वाहत राहतं, कधी काही दिवस, कधी काही आठवडे. इन्सुलिन साखर खाली ओढतं आणि असेल ती चरबीही जळू देत नाही. दोन्ही दारं बंद. म्हणून मी म्हणते, तेवढीच साखर असलेल्या गुटगुटीत बाळात आणि बारीक बाळात फरक आहे. आकडा सारखा, धोका सारखा नाही.

इंधन फार वेळ तुटलं की मेंदूच्या पेशी आधी गोंधळतात, एकमेकींना भलत्या जोराने इशारे देतात, त्यातूनच झटके येतात, आणि मग पेशी मरतात. ही इजा बहुतेक वेळा डोक्याच्या मागच्या भागात होते. डोळ्यांनी टिपलेलं जिथे उमगतं, तोच हा भाग. म्हणून डोळे धड आणि बाळ बघत नाही. पुढे त्याच जागी व्रण राहतो आणि त्यातून अपस्मार सुरू होतो. मुंबईतल्या बालमेंदूतज्ज्ञांनी २००९ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये हे मांडलं होतं, की तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारामागे नवजात काळातली कमी साखर हे आपल्याकडे ठळक कारण आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी सगळा दोष साखरेवर टाकत नाही. वाढ खुंटल्यामुळेही मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्या मुलीच्या बाबतीत वाटा कुणाचा किती हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण बीपी उलटं फिरवता येत नाही, वार बदलता येत नाही. पहिल्या तीन दिवसांतली साखर मात्र आपल्या हातातली असते. टाचेवरचा एक थेंब आणि वाटीभर दूध.

आता अडचण कुठे आहे ते सांगते, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजातांच्या खास कक्षात, दाखल होतं. तिथे त्याची साखर पाहिली जाते. १८०० च्या वरचं बाळ आईजवळ जातं, आणि आईजवळ जाणंच त्याच्यासाठी चांगलं आहे, ते बदला असं मी म्हणत नाही. पण आईजवळ गेलं की त्याची गणती ‘नॉर्मल’मध्ये होते. वॉर्डात ग्लुकोमीटर असतो तो मधुमेही बाळंतिणीसाठी. एसएनसीयूच्या दारापासून त्या खाटेपर्यंत जेमतेम ५० पावलं असतील, पण सगळं लक्ष दाराच्या आतच राहतं. १८०० ते २५०० ग्रॅमची बाळं संख्येने जास्त, आणि नेमकी तीच नजरेआड.

दुसरं, आपण नुसतं वजन पाहतो. वजन किती आठवड्यांचं, हे पाहत नाही. अडीच किलोची रेघ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की आहे. ४० आठवडे पूर्ण भरलेलं अडीच किलोचं बाळ ‘कमी वजनाचं’ म्हणून नोंदलं जात नाही, पण इंटरग्रोथ-२१ या आठवड्यांप्रमाणे वजन दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तक्त्यावर ते दहाव्या शतमकाच्या खाली, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात हलक्या दहांत येतं, मुलगा असो की मुलगी. असं बाळ रजिस्टरात बिनधोक ठरतं. तो तक्ता फुकट मिळतो. लेबर रूममध्ये वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर तो चिकटवायला आणि वजनाशेजारी आठवडे लिहायला काय लागतं?

आणि तक्त्यानेही सगळं कळत नाही. रेघेच्या वर असूनही पोटात शेवटी शेवटी उपाशी राहिलेलं बाळ हाताला कळतं. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी चिमटीत धरा. भरलेल्या बाळाची लगेच निसटते, या बाळाची सैल घडी हातात राहते, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. ढुंगणावर सुरकुत्या, गाल बसलेले, नाळ बारीक आणि पिवळट, कातडी कोरडी, सोलल्यासारखी, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. ज्या मावशी बाळाला पुसतात त्यांनाही हे शिकवता येतं. मी शिकवलं आहे. एकदा दाखवलं की त्या विसरत नाहीत, आणि पुढच्या वेळी त्याच आधी हाक मारतात.

आकड्याचा वाद मला माहीत आहे. किती साखर म्हणजे कमी? डेसिलिटरभर रक्तात मिलिग्रॅममध्ये मोजलं तर कुणी ४० म्हणतं, आपल्या नवजात कक्षांत ४५ चालतं, जुन्या पुस्तकांत ४७ दिसतं. हा ४७ आला १९८८ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून. ६६१ अपुऱ्या दिवसांची बाळं होती, आणि ज्यांची साखर पाच किंवा जास्त दिवस त्याखाली गेली ती विकासात मागे दिसली. नंतरच्या अभ्यासांनी त्यावर शंकाही घेतली. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी धोक्यातल्या पण निरोगी बाळांमध्ये ३६ आणि ४७ या दोन मर्यादा तुलनेला घेतल्या, आणि दीड वर्षाच्या वयात दोन्ही गट सारखेच निघाले. हे वाचून आपल्याकडे कुणी म्हणेल, मग एवढी घाई कशाला. त्यांना माझी विनंती आहे की त्या अभ्यासात २००० ग्रॅमच्या खालचं एकही बाळ घेतलेलं नव्हतं हे आधी पाहावं, आणि दोन्ही गटांत साखर मोजली जात होती हेही पाहावं. वाद ३६ की ४७ असा आहे. मोजायचंच नाही असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये काही मुलांचा साडेचार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा दोन वर्षांच्या वयात न दिसलेला फरक तिथे दिसला: लक्ष टिकवणं, काम ठरवून करणं, डोळा आणि हात यांचा मेळ. जास्त फरक त्यांच्यात, ज्यांची साखर फार खाली गेली होती, पुन्हा पुन्हा गेली होती, किंवा गेलेली कुणाला कळलीच नव्हती.

शेवटचं वाक्य मी केंद्रात रोज आठवते.

झोप ही या आजाराची सगळ्यात फसवी खूण आहे. बाळ थरथरलं, निळं पडलं, श्वास चुकला तर कुणीही धावतं. पण बरीच बाळं काहीच दाखवत नाहीत, किंवा नुसती मलूल होतात: दूध ओढायचा कंटाळा, रडण्यात जोर नाही, सलग चार-पाच तास झोप. आपल्याकडे शांत बाळाचं कौतुक होतं आणि ते साहजिकच आहे. त्यामुळे आजीला दोष देऊ नका. पहिल्याच दिवशी तिला शेजारी बसवून सांगा, की बारीक बाळाला दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, झोपलं असलं तरी. ओढत नसेल तर चीक वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायचा. चीक थोडा असतो पण तोच लागतो; मध नाही, गूळपाणी नाही, घुटी नाही. आणि तरीही उठत नसेल तर आम्हाला हाक मारायची, रात्री दोन वाजले असले तरी. आज्यांना हे पटतं. त्यांना कारण सांगितलं की त्या आमच्याहून काटेकोर पाळतात.

उबेचंही तसंच. गार पडलेलं बाळ ऊब टिकवायला साखर जाळतं. नागपूरच्या थंडीत हे सगळ्यांच्या लक्षात असतं, स्वेटर-टोपडं सगळं असतं. मे महिन्यात कुणाच्याच नसतं. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या उन्हाळ्यात बाळंतिणीने कसं राहायचं? पण खाटांची दिशा बदलता येते, बारीक बाळाची खाट झोताबाहेर घेता येते, आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी कांगारूसारखं बांधून ठेवता येतं. त्याने ऊबही राहते आणि दूधही येतं.

स्ट्रिपबद्दल लिहायला मला संकोच होतो, पण लिहिते. महिनाअखेरीला स्ट्रिप संपतात. मग आम्ही उरलेल्या वाचवून ठेवतो, ‘लक्षणं दिसली तरच’ वापरायच्या म्हणून. म्हणजे ज्यासाठी तपासणी असते नेमकं तेच राहून जातं. रात्री नातेवाइकाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकल स्टोअरमध्ये पाठवल्याचं मी स्वतः केलं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताच्या तपासण्या मोफत आहेत. स्ट्रिप ही तपासणीच आहे. बारीक बाळाची साखर दोन तासांनी, मग सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी पाहायची म्हटली तर एका बाळाला सहा स्ट्रिप लागतात, साखर घसरली तर जास्त. ही संख्या आधी ठरवता येते, मागणीपत्रात लिहिता येते. त्यासाठी वेगळी योजना नको.

खरेदी करणाऱ्यांना आणखी एक. जे ग्लुकोमीटर मोठ्यांच्या मधुमेहासाठी बनले ते कमी आकड्यांना अडखळतात. वाढ खुंटलेल्या बाळांचं रक्त अनेकदा दाट असतं, आणि दाट रक्तात कित्येक यंत्रं साखर आहे त्याहून कमी दाखवतात. नवजातासाठी तपासलेलं यंत्र घ्या. आणि तोपर्यंत आहे त्या यंत्राचा आकडा कमी आला तर नमुना लॅबला पाठवा, पण उपचार लॅबच्या कागदासाठी थांबवू नका. नमुना तासभर पडून राहिला तरी नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, हेही लॅबच्या मंडळींना सांगावं लागतं.

टोचणं नीट शिकवायला हवं. टाच आधी कोमट करायची, कडेला टोचायचं, मधोमध नाही. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर आकडा चुकतो. दाबून दाबून थेंब काढायचा नाही. स्ट्रिपची बाटली उघडी ठेवायची नाही. विद्यार्थिनींना आम्ही एकदा दाखवतो आणि सोडून देतो.

डेक्स्ट्रोजची जेल मी आपल्याकडे लेबर रूममध्ये कधी पाहिली नाही. न्यूझीलंडमध्ये २४२ बाळांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल गालाच्या आतून चोळली आणि लगेच दूध पाजलं, तर उपचार अपुरा पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं. लक्षणं नसलेल्या बाळात सलाइनच्या आधीची ती एक पायरी आहे, आणि त्यात बाळ आईपासून दूर जात नाही. ती कुठे, कशी वापरायची ते आपल्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवावं. मी एवढंच म्हणेन की विचार करायला बसा.

तालुक्याहून येणाऱ्या बाळांबद्दल थोडक्यात. रामटेक, पारशिवनी, नरखेड, भिवापूर, आणि पलीकडून छिंदवाडा, बालाघाटहूनसुद्धा बाळं नागपुरात येतात. निघताना साखर पाहिलेली नसते, वाटेत दूध नसतं, गाडीत अंग गार पडतं. पाठवण्याआधी एक थेंब तपासा, आकडा चिठ्ठीवर लिहा, लागली तर शीर लावूनच निघू द्या. आल्यावर दारातच पुन्हा एक थेंब. कागदपत्रं नंतर.

मग घरी सोडण्याचा प्रश्न. साधं बाळंतपण झालं की ४८ तासांनी सोडतात, आणि खाटा कमी असल्या की त्याही आधी. बारीक बाळाला ७२ तास ठेवा, निदान शेवटच्या दोन-तीन तपासण्या चांगल्या येईपर्यंत आणि बाळ स्वतः ओढून पिईपर्यंत. घरी गेलंच तर आशाताईची तिसऱ्या दिवसाची भेट चुकता कामा नये; तिच्या यादीत ‘हे बाळ बारीक, उठवून पाजायचं’ एवढं लिहून दिलं तर ती सगळं करते.

आणि कार्डावर साखर लिहा. सगळ्यात कमी किती होती, कितव्या तासाला, किती वेळा, झटके आले का. तीन ओळी. त्या मुलीच्या कार्डावर त्या असत्या तर सहा महिन्यांपर्यंत कुणी थांबलं नसतं. तीन महिन्यांचं होऊनही बाळ नजरेला नजर देत नाही, हे लसीच्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं. झोपेतून उठताना ते एकामागोमाग वाकतं, हात फेकतं, त्याला ‘दचकतं’ म्हणून घरी बसवलं नसतं. त्या झटक्यांवर उपचार जितका लवकर तितका बरा. व्रण राहिला तरी त्याच्या आजूबाजूला शिकवण्यासारखं बरंच उरलेलं असतं. ती मुलगी आता आईचा लाल दुपट्टा ओळखते. हात पुढे करते. काळ्या कापडावर पिवळा चेंडू ठेवला तर तो तिला सापडतो, आधी मान वळवून, मग हाताने. सात वर्षांच्या वयात सुरू केलेलं काम आम्ही सातव्या महिन्यात सुरू करू शकलो असतो.

मला कुणाची चौकशी नको आहे, कुणावर कारवाई नको आहे. वजनाशेजारी आठवडे, बाळंतिणींच्या वॉर्डात स्वतंत्र ग्लुकोमीटर, दर बारीक बाळामागे सहा स्ट्रिप, आणि कार्डावर तीन ओळी. बाकीचं तुम्ही माझ्याहून चांगलं ठरवाल.

शिकवायला माणूस नाही अशी अडचण कुणी सांगेल, तर मी आहे. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी दोघी जणी आहेत. रात्रपाळीच्या सिस्टरना दिवसा बोलावू नका, त्यांची झोप मोडते. आम्ही रात्रीच येऊ, नऊनंतर, वॉर्ड जरा शांत झाला की. एक ग्लुकोमीटर, एक तक्ता आणि वाटी-चमचा एवढं लागेल. वाटी-चमचा आम्ही आणू.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नागपूर